ओटीवर कोन हाय?

कुणाचा फोन वाजो, दारावर टकटक होवो की सर्व्हरच्या पडद्यावर लाल अक्षरं येवोत, काकांच्या तोंडून एकच वाक्य निघायचं: "ओटीवर कोन हाय?" तेही मान वर न करता. एकदा ट्रस्टचे एक बडे विश्वस्त दारात उभे राहिले, तरी तेच. ते गृहस्थ गांगरून म्हणाले, "अहो, मी आहे." त्यावर हे म्हणतात, "मी म्हंजे कोन? मी तर मी पन हाय." मी टेबलाखाली वाकून पडलेलं पेन शोधण्याचं नाटक केलं, कारण हसू काही आवरेना.

मुरबाडच्या बाहेर एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे. तिथल्या कंप्युटर विभागाचे काका प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखालची एकुलती एक इंजिनिअर. विभाग म्हणजे एक्स-रेच्या खोलीला चिकटलेली एक लांबट खोली, त्यात सर्व्हरचं कपाट, सतत गळणारा एसी आणि दोन खुर्च्या. मी शहापूरहून एसटीने यायचे. ते किन्हवलीच्या पुढच्या फाट्यावर त्याच गाडीत चढायचे, पण गाडीत माझ्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "गाडी सरकारची गो बाय, बोलनं हाफिसात." गावाकडच्या लोकांनी एका पोरीशी बोलताना बघू नये म्हणून असेल, असं मला वाटायचं. पुढे खरं कारण कळलं, पण ते नंतर.

गळ्यात डॉक्टरांचा स्टेथोस्कोप असतो तसा त्यांच्या गळ्यात वायर तपासायचा टेस्टर लोंबत असे. जेवतानासुद्धा. कागदावर काही लिहायचे नाहीत. शेजारच्या खोलीतल्या जुन्या, बाद झालेल्या एक्स-रे फिल्मा गोळा करून आणायचे, त्यावर पांढऱ्या मार्करने आकृत्या काढायचे आणि खिडकीला लावून उजेडात बघायचे. आमचं सगळं नेटवर्क असं कुणाकुणाच्या बरगड्यांवर काढलेलं होतं. नवीन कुणी आलं की दचकायचं. मला मात्र त्याची इतकी सवय झाली की साध्या कागदावर आकृती काढली की काहीतरी उणं वाटायचं.

आमचं मोठं काम आलं ते हॉस्पिटलने स्वतःचा क्लाउड उभारायचं ठरवलं तेव्हा. आधी पेशंटची सगळी माहिती बाहेरच्या एका कंपनीकडे ठेवलेली असायची. रस्तारुंदीच्या जेसीबीने वायर उखडली की आमचं हॉस्पिटल आंधळं. समोर पेशंट कण्हतोय आणि त्याची जुनी औषधं कोणती ते डॉक्टरांना दिसत नाही, असं कैकदा झालं. म्हणून विश्वस्तांनी ठरवलं की आपले सर्व्हर आपल्याच खोलीत ठेवायचे, आणि किन्हवली, वैशाखरे, शहापूर इथले आपले छोटे दवाखाने त्यांना जोडायचे. त्यासाठी नेटवर्क नव्या पद्धतीने बांधायचं होतं. पूर्वी हिशेबाचं खातं वेगळं ठेवायचं तर त्याची वायर वेगळी, डबा वेगळा. आता वायर सगळ्यांची एकच, पण कोणतं यंत्र कोणाशी बोलणार, कोण कुठवर येणार, हे सगळं एक सॉफ्टवेअर ठरवणार. भिंती आहेत, पण त्या सॉफ्टवेअरमध्ये.

काकांचं डोकंच फिरलं. "भिंत हाताला लागत नाय, ती भिंत कसली गो?" आयुष्यभर छतात शिरून वायरी ओढलेला माणूस तो. बरेच दिवस तोंड फुगवून बसले. मग एका सकाळी कुणाच्या तरी छातीची फिल्म घेऊन आले आणि खिडकीला लावली. त्यावर एक घर काढलेलं. पुढे ओटी, बाजूला पडवी, आत माजघर, त्याच्या आत देवघर.

"बघ," म्हणाले. "बाहेरचा माणूस येनार तो ओटीवर. अपाइंटमेंट पायजे, रिपोर्ट पायजे, तितंच बसून घ्यायचा. माजघर आपल्या लोकांचं, डाक्टर, नर्स, हिशेबवाले. देवघरात पेशंटचे कागद. पडवी आपल्याला खेळायला, मोडतोड करायला."

नेटवर्कच्या भागांना सगळीकडे इंग्रजी अक्षरं आणि आकडे देतात. आमच्याकडे ही नावं लागली. देवघराचे नियम उघडायचे तर काका आधी चपला काढायचे. मी हसले तर मलाही काढायला लावल्या. आणि कोणाला कुठवर सोडायचं हे ठरवणाऱ्या त्या मधल्या सॉफ्टवेअरला त्यांनी नाव दिलं कारभारीण. म्हणायचे, "लोकांला वाटतं घर बाप्या चालवतो. कोनाला आत घ्यायचं ते कारभारीन ठरवते." त्यांची बायको वारून बरीच वर्षं झाली होती. हे म्हणताना आवाज खाली यायचा.

या नावांनी एकदा चांगलाच घोळ घातला. फिल्मवर काकांनी लिहिलं होतं, 'ओटी – सर्वांस खुली.' आमचे सर्जन एक्स-रे बघायला आले, त्यांची नजर खिडकीवर गेली आणि त्यांचा पाराच चढला. "माझ्या ओटीत सगळ्यांना खुलं? निर्जंतुक ठेवायला आमचा जीव जातो आणि तुम्ही बाहेरची माणसं सोडताय?" डॉक्टरांची ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर! त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. काका शांतपणे म्हणाले, "डाक्टर, तुमचं घर फ्लॅटमदी ना? मग ओटी कशी ठावं असनार तुमाला?" डॉक्टर हसले, मीही हसले. काका हसले नाहीत.

आमचं खरं भांडण झालं ते एका शब्दावरून. परक्याने आत शिरायचा प्रयत्न केला, तर कारभारणीने काय करायचं? दोन रिती आहेत. एक, त्याला उलट निरोप द्यायचा की 'नाही, तुला परवानगी नाही.' दुसरी, काहीच उत्तर द्यायचं नाही. त्याची हाक गिळून टाकायची. जगभर दुसरी रीत चांगली समजतात, मीही शिकले होते तशीच लावली. काकांनी तपासलं आणि टेस्टर टेबलावर आपटला.

"ह्ये काय केलंस? मानूस दारात उभा हाय न् तू तोंडाला कुलूप लावून बसलीस?"

"काका, चोर असला तर?"

"चोराला पन नाय म्हन. नाय म्हनायला काय जीभ झिजते? हो नको, नाय म्हना, पन म्हना! उत्तर न देनं म्हंजे लय वंगाळ." एवढ्याशा गोष्टीला एवढं काय, असं मला वाटलं. माझंही तोंड काही कमी नाही. मी म्हटलं, "तुमचं डोकं सर्व्हरपेक्षा जास्त तापतं." पण शेवटी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बदललं. आमचा क्लाउड प्रत्येक परक्याला अगदी अदबीने 'नाही' म्हणू लागला. ते दिसलं की काकांना बरं वाटायचं. मधूनच बाहेरच्या मोबाइलवरून आपल्याच सिस्टिमला खडखडवून बघायचे, आणि 'नाही' आलं की मान डोलवायचे.

भात झोडून झाल्यावर त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. "नव्या तांदळाचा भात हाय, ये. न येशील तर बघ." मला नवल वाटलं, कारण या माणसाच्या घरी कधी कोणी गेल्याचं ऐकलं नव्हतं. चिक्कू आहेत, असंच सगळे म्हणायचे.

घर साधं, कौलारू, मोठ्या अंगणाचं. पण ओटी बघून मी थबकलेच. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. मेलेले मॉनिटर, वायरींची भेंडोळी, पेंढ्याचे भारे, रिकामी पिंपं, सगळं छताला टेकेपर्यंत रचलेलं. कुणाला तिथं बसताच येऊ नये, असंच. मी चपला काढतेय तोवर काकांनी माझं मनगट धरलं आणि त्या अडगळीतल्या फटीतून मला थेट आत, माजघरातून पुढे, चुलीपाशी नेऊन बसवलं.

"हितं बस. बायेर नाय बसायचं."

वाल, सुकट, तांदळाची भाकरी आणि तो नवा भात. वाढायला शेजारच्या त्यांच्या भावजय आल्या होत्या. काका पाणी आणायला विहिरीवर गेले, तशा त्या माझ्याजवळ सरकल्या.

"तू शहापूरची ना गो? बुद्धवाड्यातली?"

मी हो म्हटलं. आता काय येणार याचा अंदाज घेत मी घास हातात धरून बसले. असल्या प्रश्नांनंतर काय येतं, ते आम्हाला लहानपणापासून पाठ असतं.

पण त्यांनी वेगळंच सांगितलं. काकांचा एकुलता मुलगा पुण्याला नोकरीला. त्याने तिथलीच एक मुलगी पसंत केली, त्याच्याच कामातली, हुशार. मुलगी मूळची वैशाखऱ्याकडची, बौद्ध. लग्नाचं सांगायला तो तिला घेऊन आला. ती ओटीवर टेकली, मुलगा आत आला. काका जेवत होते.

"भावजींनी हो म्हनलं नाय, नाय म्हनलं नाय. जेवत ऱ्हायले. पोरगा बोलतोय, बोलतोय, ह्ये भात कालवतायत. जेवून झाल्यावर हितंच भिताडाला टेकून बसले. भाईर ती पोर तशीच बसलेली. मी चा दिला तिला, वायल्या कपात, घरातल्या नाय. मीच दिला, खोटं कशाला बोलू? दिवस कलला तशी ती आपली आपन उठली. पोरगा मागोमाग गेला. तवापासून फोन उचलत नाय."

हातातला घास मी परत ताटात ठेवला. आणि मग माझं डोकं तापलं. या माणसाने मला मनगट धरून चुलीपर्यंत का आणलं, ते मला कळलं. गाडीत का बोलत नव्हते तेही कळलं. आधी आमच्यातल्या मुलीशी बोलायची लाज वाटायची म्हणून, मग त्या लाजेचीच लाज वाटायला लागली म्हणून. मी काय कुणाचं पाप फिटावं म्हणून भाकरी खायला आले होते? काका घागर घेऊन आले, तशी मी हात धुऊन अंगणात उभी राहिले आणि बोलले.

"मला आत आणून काय उपयोग, काका? जिला आणायचं तिला आणा."

त्यांनी घागर खाली ठेवली. बराच वेळ टेस्टरशी चाळा करत राहिले.

"रोज फोन लावतो," म्हणाले. "ती पन नाय उचलत, तो पन नाय. मी काय म्हनतो, नका येऊ. शिव्या द्या. तुजं तोंड बघायचं नाय म्हना. मी ऐकून घेईन. पन येकदा कायतरी म्हना. नुसतं नाय म्हनलं तरी चालंल गो मला."

त्यांची दया आली नव्हती, असं म्हणत नाही. पण त्या ओटीवर बसलेल्या मुलीची जास्त आली. ती मीही असू शकले असते.

क्लाउड चालू झाला. वैशाखऱ्याच्या डॉक्टरला बसल्या जागी पेशंटचे जुने कागद दिसू लागले. पण देवघर पूर्ण उघडण्याआधी बाहेरच्या कोणीतरी सगळं तपासून द्यावं, असं विश्वस्तांचं म्हणणं पडलं. बाहेरून आत शिरायचा प्रयत्न करून भिंती पक्क्या आहेत का, ते बघणाऱ्या संस्था असतात. काकांनी लगेच पुण्याच्या एका संस्थेचं नाव सुचवलं. एवढ्या तत्परतेने त्यांना काही सुचवताना मी बघितलं नव्हतं. विश्वस्तांनी मान्यही केलं.

मग एक दिवस मला म्हणाले, "ती तिथं हाय. सून." लग्नाला हे गेले नव्हते, पण शब्द सून असाच वापरला. "ह्ये काम तिच्याकडंच येनार. मी विचारून घेतलंय."

"तिला माहीत आहे, इथे कोण आहे ते?"

"नावं असतात ना कागदावर."

तपासणी होईस्तोवर त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. असं तपासणारी माणसं सहसा आपला माग लागू देत नाहीत, पण आमच्या पडद्यावर दिसायचं, कुणीतरी पुण्याहून ओटीवर येतंय, दार चाचपतंय. काका खुर्ची ओढून बसायचे. "ओटीवर कोन हाय?" हळूच विचारायचे, जणू उत्तर ऐकू येणार आहे. कारभारीण दर वेळी 'नाही' म्हणायची, आणि पहिल्यांदाच ते 'नाही' बघून त्यांच्या कपाळाला आठी पडायची. एका दुपारी बघते तर त्यांनी चपला काढल्या होत्या आणि नियम लिहीत होते. पुण्याच्या त्या एका कंप्युटरच्या पत्त्यासाठी माजघराची वाट मोकळी. बाहेरची तपासणी झाली की आतून पण तपासतात, तेव्हा लागेल, असं म्हणाले. करारात आतली तपासणी नव्हती. मी ते बोलून दाखवलं नाही.

निकाल सांगायला व्हिडिओ कॉल ठरला. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, टेस्टर त्या दिवशी गळ्यात नव्हता. विश्वस्त, सर्जन, मी, सगळे एका पडद्यासमोर बसलो. पलीकडे दोघं: एक मध्यमवयीन गृहस्थ आणि ती. केस बांधलेले, साधा कुडता, चेहरा थंड. तिने काकांकडे बघितलं की नाही ते कॅमेऱ्यात काही कळत नाही. इंग्रजीत एकेक मुद्दा सांगत गेली. रचना उत्तम आहे, आत शिरता आलं नाही, भिंती पक्क्या आहेत. विश्वस्त खूश झाले. मग ती मराठीत आली.

"एकच मोठी दुरुस्ती आहे. तुमची सिस्टिम परक्याला 'नाही' असं उत्तर पाठवते. ते बंद करा."

काका पुढे झुकले. "मॅडम," म्हणाले, आणि घसा खाकरला. "नाय म्हनायला काय हरकत हाय?"

"उत्तर दिलं की बाहेरच्याला कळतं, आत कोणीतरी आहे. मग तो थांबून राहतो, पुन्हा पुन्हा येतो. काहीच उत्तर दिलं नाही, की दमून निघून जातो." एवढं बोलून ती पुढचं पान उलटायला लागली. ती हे मुद्दाम बोलली की रोज दहा ठिकाणी बोलते तसं बोलली, ते मला आजही सांगता येणार नाही. तांत्रिक दृष्टीने तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

काकांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आतून पन तपासा ना. मी वाट मोकळी केलेय तुमच्यासाठी. माजघरापर्यंत. कवा पन या."

विश्वस्तांना वाटलं, कामाचंच चाललंय. पडद्यावर तिच्या चौकटीत माइकची खूण आली, लाल, आडवी रेघ मारलेली. तिने आवाज बंद केला होता. चेहरा तसाच, समोर बघणारा. आम्ही सगळे थांबलो. काका थांबले. शेवटी तिच्या शेजारचे गृहस्थच म्हणाले, की ते करारात नाही, बाकीचं मेलने कळवतो. आणि पडदा काळा झाला.

सगळे उठून गेल्यावर काका आमच्या खोलीत आले. मी म्हटलं, "दुरुस्ती मी करते." त्यांनी मानेनेच नको म्हटलं. चपला काढल्या. स्वतःच्या हाताने तो नियम बदलला, माजघराची मोकळी केलेली वाटही मोडली. मग सवयीप्रमाणे मोबाइल काढून बाहेरून दार वाजवलं. इतके दिवस लगेच 'नाही' यायचं. आता काही नाही. पडद्यावर नुसतं ते गोल चक्र फिरत राहिलं.

"ओटीवर कोन हाय," ते पुटपुटले, आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "बघ गो. ती अशी बसलेली."

मला रडू आलं. कुणासाठी, ते मी ठरवायच्या भानगडीत पडले नाही.

त्यानंतर काका हॉस्पिटलात फार दिवस राहिले नाहीत. निवृत्ती जवळ आलीच होती, ती थोडी अलीकडे ओढून घेतली. खिडकीवरच्या फिल्मा मी तशाच ठेवल्यात. विभाग आता मी बघते. नियम ती सांगून गेली तसाच आहे, कारण तो बरोबर आहे.

मध्यंतरी किन्हवलीच्या दवाखान्यात काम निघालं, म्हणून त्यांच्या घरी गेले. अंगणातूनच दिसलं, ओटी रिकामी केलेली. एक मॉनिटर नाही, एक वायर नाही. सारवून स्वच्छ केलेल्या त्या ओटीवर काका एकटे बसले होते, अगदी कडेला, परक्या घरी पाहुणा अवघडून बसतो तसे. पाठीमागे घराचं दार सताड उघडं, आत कोणी नाही.

"काका, इथे का बसलात? उन्हं कलली. आत चला."

"बसतो गो," म्हणाले. "बोलवलं नाय अजून कोनी."

मी त्यांच्या बाजूने आत गेले. माजघर ओलांडलं, चुलीपाशी उभी राहिले, आणि तिथून मोठ्याने हाक मारली. "काका, या आत."

ओटीवर ते बसलेले मला दिसत होते. मी पुन्हा हाक मारली. उत्तर आलं नाही.